तक्त्यावरून, टॅबवरून, नजरेने बोलणाऱ्यांशी बोलताना : पुण्यातल्या नवख्यांसाठी

यंदा तुमच्या वर्गात चित्रांचा तक्ता गळ्यात अडकवून एक मुलगा आला आहे. किंवा पक्षाघातानंतर सासऱ्यांची वाचा गेली आहे आणि दवाखान्यातून घरी निघताना कुणीतरी अक्षरांचा एक कागद हातात दिला आहे. किंवा एखाद्या संस्थेत तुम्ही मदतनीस म्हणून नुकत्याच रुजू झाला आहात आणि तिथली एक मुलगी टॅबवर बोट ठेवून बोलते. अशा प्रत्येक नवख्या माणसासाठी हे लिहिते आहे.

सगळे आधी विचारतात, "कुठलं ॲप घेऊ?" ॲपची पाळी नंतर येते. कितीतरी चांगले तक्ते आणि महागडे टॅब धडधाकट असूनही कपाटात पडून राहतात, कारण ते वापरणाऱ्याशी कसं बोलायचं हे घरात, शाळेत कुणीच शिकलेलं नसतं. म्हणून या लेखात शिकायचं आहे ते तुम्हाला. त्या मुलाला, त्या सासऱ्यांना काय शिकवायचं हा विषय त्याच्या मागून येतो.

आधी एवढं माहीत असू द्या

तक्त्यावरून, टॅबवरून, नजरेने असं बोलण्याला मराठीत पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात, पण थेरपिस्टपासून पालकांपर्यंत सगळे एएसी (ऑगमेंटेटिव्ह अँड आल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन) म्हणतात. बोलण्याला जोड देणारे किंवा बोलण्याची जागा घेणारे सगळे मार्ग यात येतात : खुणा, वस्तू, फोटो, चित्रांचे तक्ते, अक्षरांचे तक्ते, बोलणारी ॲप, नजरेने चालणारे संगणक. बहुतेक माणसं यातले दोन-तीन मार्ग एकदम वापरतात. भूक लागली की पोटावर हात, पाहुणे आले की टॅब, आणि आईशी नुसत्या भुवया. तिन्ही मार्ग खरे. "टॅबवर सांग, मगच देईन" असं म्हणून भुवयांचं बोलणं नाकारू नका. कळलं असेल तर कळलं म्हणा.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम असलेली मुलं एएसी वापरतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मोठ्यांचं मात्र ध्यानात येत नाही. पक्षाघातानंतरचा वाचाघात, मोटर न्यूरॉनचा आजार, स्वरयंत्राच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, आयसीयूत घशात घातलेली नळी, यातल्या कुठल्याही कारणाने कालपर्यंत घडाघडा बोलणाऱ्या माणसाला आज तक्ता लागू शकतो. काहींना तो आठवडाभर पुरतो, काहींना जन्मभर.

घरातून दोन शंका हमखास येतात. पहिली, "तक्ता दिला की तो बोलायचा आळस करेल." या प्रश्नावर झालेल्या संशोधनाचा आढावा २००६ साली मिलर, लाइट आणि श्लोसर या तिघांनी प्रसिद्ध केला. त्यात भरवशाची नोंद असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालेलं दिसलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. दुसरी शंका, "त्याची अजून तयारी नाही." आधी नजर मिळवू दे, आधी जागेवर बसू दे, आधी चित्रं ओळखू दे, अशा अटी कित्येक वर्षं घातल्या गेल्या. त्या घालायचं काही कारण नाही. बोलू लागण्याआधी कुठल्याही बाळाची आपण परीक्षा घेत नाही. आणि एखाद्याला बोलता येत नाही यावरून त्याला किती कळतं ते ठरत नाही. सगळं कळतं असं धरून चाला. तसं धरून चालण्यात नुकसान कमी आहे.

पहिली भेट : "तू 'हो' कसं म्हणतोस?"

नाव सांगून झालं की हा प्रश्न विचारा. आपल्याकडे हो, नाही, बरं, बघू या सगळ्यांसाठी मान हलते, तीही जवळपास सारखीच. त्यात स्नायूंवर ताबा कमी असेल तर मानेवरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येकाचं 'हो' आणि 'नाही' वेगळं ठरलेलं असतं. कुणी वर बघून 'हो' म्हणतं आणि डोळे मिटून 'नाही'. कुणी उजवी मूठ आवळतं. कुणाच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन रंगांच्या चिठ्ठ्या असतात. ते समजून घ्या आणि एकदा पडताळून पाहा. अजून काही ठरलेलंच नसेल, तर ते ठरवणं हे पहिलं काम.

नंतर काही साध्या गोष्टी. समोर बसा, डोळे एका पातळीवर आणा. मागे उभं राहून व्हीलचेअर ढकलता ढकलता गप्पा मारू नका, तिला उत्तर द्यायला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. बोला ते तिच्याशी. "काकू, हिला चहा चालतो का?" हा प्रश्न काकूंना विचारायचा नसतो. आई शेजारी बसलेली असते, उत्तर पटकन मिळतं, त्यामुळे हा मोह रोज होतो. अशा वेळी आईनेच "तिलाच विचारा" एवढं म्हणावं आणि गप्प राहावं. आवाज चढवू नका, ऐकू येत असतं. चाळिशीच्या माणसाला 'बाळा' म्हणू नका. आजी असतील तर अहो-जाहो, वर्गमैत्रीण असेल तर अगं-तुगं. तक्ता आला म्हणून नातं बदलत नाही.

आणि तक्त्याला, टॅबला न विचारता हात लावू नका. कामाच्या घाईत तो उचलून टेबलाच्या टोकाला ठेवला जातो आणि पुढचा तासभर त्या माणसापुढे ओरडण्यावाचून काही उरत नाही. मग "आज फार चिडचिड करतोय" अशी नोंद होते.

थांबायला शिका

तुमचा प्रश्न संपला की मनात दहापर्यंत आकडे मोजा. काहींच्या बाबतीत वीसपर्यंत. प्रश्न समजायचा, उत्तर सुचायचं, ते कुठल्या पानावर आहे ते आठवायचं, हात तिथवर न्यायचा, एवढं सगळं त्या वेळात चाललेलं असतं. मध्येच तुम्ही प्रश्न पुन्हा विचारलात, किंवा तोच वेगळ्या शब्दांत विचारलात, तर तिकडे सगळं परत पहिल्यापासून. थांबताना चेहरा मोकळा ठेवा, तिच्याकडे बघत राहा, घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे बघू नका. वर्गात बाईंना हे फार अवघड जातं, कारण बाकीच्या मुलांचे हात वर असतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे प्रश्न आदल्या दिवशी घरी कळवायचा. मग उत्तर तक्त्यावर तयार होऊन येतं आणि तीही बाकीच्यांसारखी हात वर करते.

वाक्य तिला पुरं करू द्या. "मी... काल... आजी..." इथवर आल्यावर "आजीकडे गेली होतीस ना, छान!" असं म्हणून मोकळे होऊ नका. आजी पडली असेल.

तक्त्यावर तुम्ही बोला

सगळ्या लेखातलं एकच कलम लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. मूल वर्षभर आपलं बोलणं ऐकतं, मग कुठे पहिला शब्द काढतं. तक्त्याच्या भाषेत मात्र त्याच्याशी कुणीच बोलत नाही आणि अपेक्षा असते की त्याने पहिल्या आठवड्यापासून बोलावं. म्हणून तोंडाने बोलता बोलता महत्त्वाच्या शब्दांवर आपणही बोट ठेवायचं. थेरपिस्ट याला मॉडेलिंग म्हणतात.

सकाळचे पोहे घ्या. बशी समोर आली. तुम्ही म्हणता, "गरम आहेत हं," आणि बोट जातं 'गरम'वर. "थांब जरा," बोट 'थांब'वर. फुंकर घालता. "आता खा," बोट 'खा'वर. तो खातो, तोंड वाकडं करतो. "आवडले नाहीत?" बोट 'नाही' आणि 'आवडलं'वर. "मिरची आली वाटतं! काढू?" 'काढ'वर. एका बशीत सहा शब्द झाले आणि त्याच्याकडून एकही मागितला नाही. प्रत्येक शब्दावर बोट ठेवायची गरज नाही. तो सध्या एका शब्दात बोलत असेल तर तुम्ही दोन शब्दांवर बोट ठेवा, दोन शब्दांत बोलत असेल तर तीनवर. चुकून भलत्याच चित्रावर बोट पडलं तर तेही बोलून दाखवा, "अरे, हे नाही, ते." चूक कशी सुधारायची हेही त्याला कुठेतरी बघायला मिळायला हवं.

सगळीकडे दिसतं ते याच्या नेमकं उलट. "सफरचंद कुठंय? दाखव. शाब्बास. केळं कुठंय? दाखव." ही परीक्षा झाली, गप्पा नव्हेत. दिवसभर कुणी आपल्याला असं विचारत बसलं तर आपणही तक्ता भिरकावून देऊ. प्रश्न कमी करा, शेरे वाढवा. "बापरे, केवढा पाऊस!" "बाबा आले वाटतं." "मला पण कंटाळा आलाय." आणि हात धरून बोट टेकवायला लावू नका. त्याने शब्द येत नाही, हात धरू द्यायची सवय तेवढी लागते.

हे किती दिवस करायचं? काही मुलं आठवड्यांत उत्तर देऊ लागतात, काहींना वर्ष लागतं. त्याच्याकडून काहीच येत नाही असं वाटणाऱ्या काळातच घरचे हात टेकतात. त्या काळात त्याचं ऐकणं चालू असतं. त्याची नजर तुमच्या बोटामागे फिरते का, तेवढं पाहा.

शब्द कुठले ठेवायचे

नवा तक्ता केला की त्यात बत्तीस खाण्याच्या वस्तू, दहा रंग आणि आठ प्राणी भरतात. मग मुलगा आयुष्यभर 'केळं' मागत राहतो. आपलं रोजचं बहुतेक बोलणं मात्र मोजक्या दोन-चारशे शब्दांवर चालतं आणि त्यात वस्तूंची नावं थोडीच असतात : मी, तू, हे, ते, दे, घे, बघ, चल, ये, थांब, कर, ठेव, उघड, हवं, नको, आणखी, परत, संपलं, झालं, नाही, कुठे, कोण, काय, का, माझं, छान, घाण, मदत. एकटं 'उघड' डब्याला, दाराला, नळाला, छत्रीला, पुस्तकाला चालतं. सुरुवात यांनी करा. वस्तूंची पानं मागे जोडा.

मराठीत तक्ता करताना काही गोष्टी इंग्रजी तक्त्याची नक्कल करून सुटत नाहीत. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून घरी तक्ता आखताना माणसं डावीकडे, वस्तू आणि जागा मध्ये, क्रिया उजवीकडे अशी मांडणी मी सुचवते. 'मी – पाणी – हवं' असं बोट सरळ पुढे सरकतं. दुसरं लिंगाचं. मुलीच्या टॅबमधून 'मी दमलो' असा आवाज आला तर तो तिचा आवाज राहत नाही. ॲप हातात आल्या आल्या 'जाते, दमले, आले' तपासून घ्या. 'मला कंटाळा आलाय', 'मला भूक लागली' ही वाक्यं दोघांनाही चालतात. तिसरं बोलीचं. घरात 'पाहिजे' म्हणत असतील तर तक्त्यावर 'हवं' कशाला? सोलापूरहून, नगरहून, विदर्भातून आलेली किती घरं पुण्यात आहेत, त्या घरातला शब्द तक्त्यावर असावा. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर दोन्ही भाषा ठेवा. दोन भाषांनी गोंधळ होईल या भीतीने आजीची भाषा काढून टाकू नका, संध्याकाळचा सगळा वेळ तिच्याशीच जातो.

शब्द त्या माणसाच्या आयुष्यातले हवेत. 'मोरया'चं बटण भाद्रपदाच्या आधी भरा, आरतीच्या वेळी शोधाशोध नको. सोळा वर्षांच्या मुलाला 'भारी', 'जा ना यार', 'डोकं नको खाऊ' हे द्या, त्याचे मित्र हेच बोलतात. आजोबांना 'पेपर कुठे आहे', 'आवाज कमी करा', 'सून कधी येणार'. तक्रारीचे आणि नकाराचे शब्द भरपूर ठेवा : नको, लांब हो, मला नाही आवडलं, माझं ऐक, तू चुकतोयस. गोडगोड शब्दांचाच तक्ता मला मान्य नाही.

शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं ठेवा, गुप्तांगांचीही. 'दुखतंय', 'हात लावला', 'कोणी', 'भीती वाटते' हेही शब्द हवेत. हे लिहिताना पालक संकोचतात. पण ज्या मुलाकडे हे शब्द नाहीत त्याच्यावर झालेला अत्याचार बाहेर येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अपंगत्व असलेल्या मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची, किंवा त्या मुलाची बोलण्याची रीत माहीत असलेल्या माणसाची मदत घेण्याची तरतूद आहे. ती रीत माहीत असलेलं माणूस म्हणजे उद्या कदाचित तुम्हीच.

एकदा बसवलेला शब्द हलवू नका. 'नको' वरच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर पुढच्या तक्त्यातही तिथेच. हाताला जागा पाठ झालेली असते.

अक्षरांचा तक्ता : ज्याला वाचता येतं आणि हात उठत नाही

हा प्रकार घरोघरी लागतो आणि नीट कुणी समजावून देत नाही, म्हणून सविस्तर सांगते. माणूस शुद्धीवर आहे, त्याला मराठी वाचता येतं, पण हात चालत नाही. तेव्हा बोट तुमचं, 'हो' त्यांचं.

जाड कागदावर मोठ्या अक्षरात ओळी पाडा. पहिली ओळ स्वरांची : अ, आ, इ, उ, ए, ऐ, ओ, औ. पुढे क, च, ट, त, प यांच्या पाच ओळी. ङ आणि ञ वगळा. मग 'य र ल व श' आणि 'स ह ळ'. खाली काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार यांची ओळ. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा, ष लिहायचा तिथे श चालवा, जोडाक्षरं सुटी लिहा. 'औषध'चं 'औशध' झालं तरी कळतं. शुद्धलेखन नंतर कधीतरी. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची : 'शब्द संपला', 'चुकलं, पुन्हा', 'यात नाही'.

आता ओळींची नावं सावकाश म्हणा. "स्वर?" त्यांनी वर बघितलं, म्हणजे 'हो'. "अ... आ... इ... उ..." पुन्हा वर बघितलं. कागदावर 'उ' लिहा, त्यांना दिसेल असं. पुन्हा पहिल्यापासून : "स्वर? क? च? ट? त? प? य?" 'हो'. "य... र... ल... व... श..." 'हो'. 'उश'. इथे सगळ्यांचे हात उशीकडे जातात. उशी सारखी करून होते, त्यांचं डोकं उचलून ठेवून होतं आणि ते डोळे मिटून घेतात. त्यांना 'उशीर' म्हणायचं होतं. मुलगा अजून का आला नाही, हे विचारायचं होतं.

म्हणून अंदाज बांधायचा की नाही हे त्यांनाच आधी विचारून घ्या. "मध्येच ओळखलं तर सांगू का, की शेवटपर्यंत थांबू?" काहींना अंदाज हवा असतो, दमणूक वाचते. अंदाज सांगायचा तोही प्रश्न म्हणून, "उशी म्हणायचंय?" आणि 'नाही' आलं की मुकाट पुढच्या अक्षराकडे. ओळी म्हणताना आवाज सपाट ठेवा. अपेक्षित अक्षरावर तुमचा सूर चढला तर थकलेला माणूस त्यालाच 'हो' म्हणून टाकतो आणि ते वाक्य मग तुमचं होतं. दिवसातल्या ठरावीक गरजांसाठी वेगळा छोटा तक्ता करा : कूस बदला, थुंकी काढा, पंखा, लघवी, दुखतंय, डॉक्टर, एकटं राहू द्या. त्यासाठी अक्षरं जुळवायला लावू नका. अक्षरं राखून ठेवा ती मनातलं बोलायला.

कागद आणि ॲप

कागदाचा तक्ता टॅब आल्यावरही लागतो. बॅटरी संपते, उन्हात स्क्रीन दिसत नाही, अंघोळीच्या वेळी टॅब नेता येत नाही. लॅमिनेशन करून घ्या, आपला जून ते सप्टेंबर उघड्या कागदाला टिकू देत नाही. अप्पा बळवंत चौकात छपाई, लॅमिनेशन, रिंगची फाइल सगळं एका फेरीत होतं. एकदम दोन प्रती काढा, एक शाळेच्या दप्तरात राहू द्या. चित्रांसाठी स्पेनमधल्या अरागॉन सरकारचा आरासाक हा संग्रह विनामूल्य आहे, व्यापारी वापर तेवढा चालत नाही. त्यात पोळी, वरण, रिक्षा, देव्हारा आपल्यासारखे मिळतीलच असं नाही. ते फोटो घरचे काढा.

ॲपमध्ये मराठीसाठी दोन नावं पुढे येतात. जेलो हे आयआयटी मुंबईत तयार झालं आहे आणि विनामूल्य आहे. 'आवाज' (Avaz) हे चेन्नईत तयार झालेलं ॲप आहे, त्यात शब्दसाठा मोठा आहे. दोन्ही आधी बघा, थेरपिस्टबरोबर बसून निवडा. निवडताना मराठी आवाज ऐका, घरचा फोटो आणि नवा शब्द घालणं किती सोपं आहे ते करून पाहा, आणि इंटरनेट बंद करून चालतं का तपासा. लिहिता येणाऱ्या मोठ्या माणसाला कधी कधी नुसता फोन पुरतो : मराठीत टाइप करायचं आणि फोनकडून वाचून घ्यायचं.

बोलायच्या टॅबवर कार्टून आणि गेम नकोत. त्याच टॅबवर दोन्ही असली की घरच्यांच्या मनात तो खेळणं होतो आणि "आता पुरे, दे इकडे" असं म्हणून आवाजच काढून घेतला जातो. शिक्षा म्हणून तर तो कधीच काढू नये. रागावलेल्या मुलाच्या तोंडावर आपण पट्टी लावत नाही.

घराबाहेर

तक्त्याच्या मागे एक पट्टी लावा : 'मी या तक्त्यावरून बोलतो. मला सगळं कळतं. कृपया थोडं थांबा आणि माझ्याशी बोला.' रिक्षावाले, बसचे कंडक्टर, दुकानदार यांना एवढं पुरतं, बरेच जण छान थांबतात. सुरुवात ओळखीच्या दुकानापासून करा, दुपारच्या निवांत वेळी. लक्ष्मी रोडला सणाच्या आठवड्यात नको. बाकरवडीच्या दुकानात रांगेत उभं राहण्याआधी 'पाव किलो द्या' टॅबवर तयार ठेवा. पैसे त्याच्या हातात द्या, सुटे त्यालाच घेऊ द्या. दुकानदार तुमच्याकडे बघून बोलू लागला की तुम्ही तक्त्याकडे बघा. त्याची नजर आपोआप तिकडे वळते.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं ते आदल्या दिवशी तक्त्यावर जुळवून ठेवा आणि आत गेल्यावर त्यालाच सांगू द्या, तुमची भर त्यानंतर.

एका गोष्टीपासून सावध

मदतनीस मुलाचा हात, मनगट किंवा खांदा धरतो, किंवा अक्षरांची पाटी स्वतः हवेत धरतो, आणि मूल अचानक मोठमोठी वाक्यं लिहू लागतं. असं दाखवलं की आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येतं. तपासणीत मात्र वारंवार दिसलं की मदतनिसाला उत्तर माहीत नसेल तर ते उमटत नाही. अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने ('आशा', ASHA) २०१८ साली या पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. तुम्हाला कुणी असं काही दाखवलं तर मदतनिसाला खोलीबाहेर पाठवा, मुलाला एखादी वस्तू दाखवा, आणि मदतनिसाला परत आत बोलावून ती काय होती ते मुलाला विचारा. ज्याला आवाज नाही त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं हा त्याच्यावरचा मोठा अन्याय आहे, हेतू कितीही चांगला असो.

मदत कुठे मिळते

स्पीच थेरपिस्ट निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा, आणि स्पष्ट विचारा, "तुम्ही एएसीवर काम करता का?" सगळेच करत नाहीत. धनकवडीला भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवण विषयाचं महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवण विषयाचीच अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सीने या विषयात फार पूर्वीपासून काम केलं आहे.

शाळा तक्ता नको म्हणाली तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ पुढे ठेवा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या 'संवादा'च्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी मार्ग धरलेले आहेत, आणि कलम १७ मध्ये शिक्षणात त्यांचा वापर वाढवण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. दाद मागायला आपल्याला लांब जावं लागत नाही, राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रोडला आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा, पुढच्या बहुतेक सवलतींना ते लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत आहे आणि तिच्यात थेरपीचा काही खर्च बसतो.

तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी एक पान

जूनमध्ये बाई बदलतात, मदतनीस मावशी काम सोडतात, आयसीयूत दर आठ तासांनी नर्स बदलते. प्रत्येक वेळी सगळं शून्यापासून सुरू होऊ नये म्हणून एक पान लिहून ठेवा आणि तक्त्याच्या पहिल्या खिशात घाला. पान शक्यतो त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्याच शब्दांत करा : 'मी वर बघितलं म्हणजे हो. डोळे मिटले म्हणजे नाही. उत्तराला मला साधारण वीस सेकंद लागतात. उजवीकडून माझ्याशी बोला, डावीकडचं मला नीट दिसत नाही. तक्ता छातीपासून एक हात लांब धरा. शब्द मध्ये ओळखू नका. दमलो की मी मान खाली घालतो, तेव्हा दहा मिनिटं सोडा. मला क्रिकेट, कांदाभजी आणि मावसभावाच्या चहाड्या आवडतात. माझ्यादेखत माझ्याविषयी बोलू नका.' वर तारीख घाला, आणि काही बदललं की त्याच दिवशी पान नवीन करा.